बाबांचा कॉम्प्युटर सुरू होत नाही. फॉरमॅट न मारता आतल्या फायली कशा काढू?

गोदाकाठ | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी, जरा तातडीने मदत हवी आहे.

नाशिकला बाबांकडे डेस्कटॉप आहे. ब्रँडेड, सात-आठ वर्षं जुना, विंडोज १०. परवा दुपारी आमच्याकडे लाइट गेली ती रात्री उशिरा आली. तेव्हापासून पीसी लावला की कंपनीचा लोगो येतो, खाली ठिपके फिरतात आणि निळा स्क्रीन येतो: 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. आपोआप रीस्टार्ट होतो, 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' म्हणतो, आणि पुन्हा तेच.

जवळच्या दुकानातला मुलगा बघून गेला. हार्डडिस्क गेली म्हणाला. फॉरमॅट मारून बघू, नाहीतर नवीन टाकू. डेटाचं विचारलं तर "डी ड्राइव्हचं वाचेल, सीचं सांगता येत नाही." मी त्याला सोमवारपर्यंत थांबायला सांगितलंय.

आत काय आहे ते सांगते म्हणजे माझी घालमेल कळेल. बाबा मराठीचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर सिन्नर-निफाडकडच्या गावांत जाऊन म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या आणि सगळ्या स्वतः टाइप केल्या. सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आता नाहीत. काही वह्या आहेत, काही वाळवीने खाल्ल्या. एका पेनड्राइव्हवर सुरुवातीचा थोडा भाग आहे, बाकी सगळं या पीसीत. शिवाय पेन्शनचे कागद आणि आईचे फोटो.

फायली बाहेर कशा काढायच्या, आणि नंतर हा पीसी दुरुस्त करण्यात अर्थ आहे का? मला कॉम्प्युटर वापरता येतो, पण कधी उघडून पाहिलेला नाही.

लॅपटॉपवैद्य | शनिवार, रात्री ९:३२

ताई, आधी पीसी बंद करा आणि भिंतीवरचं बटणही बंद करा. दर वेळी तो 'ऑटोमॅटिक रिपेअर'मध्ये जातो तेव्हा डिस्कवर काहीतरी लिहायचा प्रयत्न करतो. डिस्क खरंच आजारी असेल तर ते तिला झेपणार नाही.

फॉरमॅट आत्ता अजिबात नको. 'डी वाचेल' या दिलाशावर जाऊ नका. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स ही चारही फोल्डर्स मुळात सी ड्राइव्हवर, 'यूजर्स'च्या आत असतात. 'डेटा डीमध्ये ठेवतो' म्हणणाऱ्या घरांतही रोजचं काम डेस्कटॉपवरच साठलेलं सापडतं. फॉरमॅट मारला जातो नेमका त्यावर.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी डेटा बाहेर, त्याची दुसरी प्रत, आणि मग मशीनला हात. ग्राहक कितीही घाईत असला तरी मी हा क्रम बदलत नाही.

आता एवढं सांगा. डिस्क साधी फिरणारी आहे की एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, चिपची)? चालू करताना टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज येतो का? लोगो दिसताच एफ२ किंवा डिलीट दाबून बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) गेलात तर तिथे डिस्कचं नाव आणि मॉडेल दिसतं का? काही बदलू नका, फक्त मोबाइलने फोटो काढा.

फुलपाखरू | शनिवार, रात्री ९:४०

बाबांच्या जीमेलने गूगल फोटोज आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने वनड्राइव्ह दोन्ही उघडून बघा ना. विंडोज १० बऱ्याचदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स गुपचूप वनड्राइव्हवर चढवत असतं. आमच्या सासऱ्यांचं अर्धं सामान तिथे सापडलं होतं.

तपकीर_गल्ली | शनिवार, रात्री १०:०५

दुकानातल्या मुलाची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. मी बुधवार पेठेत बरीच वर्षं हेच काम करतोय.

ग्राहक येतो तेव्हा म्हणतो "संध्याकाळपर्यंत चालू करून द्या, आणि जास्त सांगू नका." डेटा काढायचा तर डिस्क रात्रभर कॉपीला लावायची, मध्ये अडली तर पुन्हा बघायचं. त्याचे पैसे मागितले की "नुसतं कॉपी-पेस्टचे एवढे?" विंडोज टाकणं मात्र तासाभराचं काम. म्हणून मुलं फॉरमॅटकडे वळतात. तुम्ही दारातच स्पष्ट सांगा, "मला मशीन नको, डेटा हवा, त्याचे वेगळे पैसे देईन." समोरचा माणूस वेगळा वागतो.

बाकी, एक सोपी गोष्ट. रॅम काढून सोनेरी पट्टीला शाळेतला पांढरा खोडरबर फिरवा, ब्रशने स्लॉट झाडा, परत बसवा. सुरू न होणारे कितीतरी पीसी एवढ्यावर उठतात.

लॅपटॉपवैद्य | शनिवार, रात्री १०:१४

@तपकीर_गल्ली, पैशाच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. रॅमच्या बाबतीत नाही. रॅम नीट बसली नसेल तर स्क्रीन काळा राहतो किंवा बीप वाजतात. इथे लोगो येतो, विंडोज सुरू व्हायला लागतं आणि मग त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. म्हणजे गडबड डिस्कमध्ये, केबलमध्ये किंवा डिस्कशी बोलण्याच्या सेटिंगमध्ये.

रत्नागिरीकर | शनिवार, रात्री १०:३८

इकडे पावसाळ्यात हे नेहमीचंच. वीज चमकली की कुणाचा ना कुणाचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) जातो, आणि दमट हवेने डिस्कच्या सॅटा केबलच्या टोकांवर हिरवट थर चढतो. केबल बदलली की डिस्क शहाण्यासारखी वागते असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

आवाज येत असेल तर मात्र सावध. आमच्या ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याची डिस्क टकटक करायला लागली. कुणीतरी सांगितलं फ्रीझरमध्ये ठेव, कुणी सांगितलं झाकण उघडून बघ. दोन्ही झालं. लग्नाच्या मोसमातलं सगळं शूटिंग गेलं, आणि रिकव्हरीवाल्यांनी उघडलेली डिस्क बघून हात टेकले. वाचणारं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. त्या फटीत धुळीचा कण मावत नाही. फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कवर तर दव धरतं, आमच्या हवेत तर धरतंच.

गोदाकाठ | रविवार, सकाळी ७:५०

सगळ्यांचे आभार. वनड्राइव्ह रिकामं निघालं. गूगल फोटोजमध्ये फक्त मोबाइलचे फोटो आहेत.

@लॅपटॉपवैद्य, बायॉसमध्ये गेले. डिस्कचं नाव दिसतंय, १ टीबी, फिरणारी. आवाज काही नाही, नेहमीसारखी गुणगुण. एक विचित्र गोष्ट, बायॉसमध्ये तारीख २०१७ सालची आहे. बाबा म्हणाले हल्ली पीसी लावला की कोपऱ्यातली तारीख जुनीच दिसायची, आणि बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणायची. थोड्या वेळाने आपोआप बरं व्हायचं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

लॅपटॉपवैद्य | रविवार, सकाळी ८:०५

ताई, ही तारखेची गोष्ट फार मोलाची आहे. मला बराच अंदाज आलाय, पण तो नंतर सांगतो. डिस्क दिसतेय आणि आवाज नाही, ही चांगली बातमी. आधी फायली.

डॅलसकर | रविवार, सकाळी ८:२०

इकडे शनिवारची रात्र आहे, निवांत लिहितो.

विंडोज बंद पडलं म्हणजे फायली गेल्या असं नाही. पेनड्राइव्हवरून दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चालू करायची आणि तिच्यातून डिस्क उघडायची. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. चालू असलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमची आयएसओ फाइल (तिची अख्खी प्रत) उतरवा, साधारण ३ जीबी आहे. रूफस नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर घेऊन ती फाइल पेनड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी करून चालत नाही, रूफसनेच चढवायची. पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं.

मग तो बाबांच्या पीसीला लावा, चालू करताना बूट मेन्यूची की दाबा (कंपनीप्रमाणे एफ१२, एफ९, एफ११ किंवा एस्केप) आणि पेनड्राइव्ह निवडा. दोन-तीन मिनिटांत मिंटचा डेस्कटॉप येईल. तिथे 'इन्स्टॉल' असं एक चिन्ह दिसेल, त्याला हात लावायचा नाही. फाइल मॅनेजर उघडा, डावीकडे १ टीबीची डिस्क दिसेल, क्लिक करा, 'यूजर्स'मध्ये बाबांच्या नावाचं फोल्डर. वेगळी यूएसबी हार्डडिस्क लावून तिथे सगळं कॉपी करा.

विंडोज नीट बंद झालं नसेल तर लिनक्स डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतं. आपल्याला तेवढंच हवंय. कधी उघडायला नकारही देतं, तेव्हा इथे विचारा, 'फोर्स' शब्द असलेला कुठलाही उपाय नेटवरून उचलून चालवू नका.

हेमंती | रविवार, सकाळी ८:२८

आणि ओव्यांचा जुना भाग असलेला पेनड्राइव्ह या कामाला घेऊ नका हो ताई! घाईत असं होतं. तो कपाटात ठेवून द्या.

बिनसाखरेचा | रविवार, सकाळी ९:१५

एवढं लिनक्स वगैरे कशाला? मागचे दोन स्क्रू काढा, डिस्क बाहेर काढा, केसिंगमध्ये घाला, दुसऱ्या लॅपटॉपला यूएसबीने लावा. दहा मिनिटांचं काम.

डॅलसकर | रविवार, सकाळी ९:२४

@बिनसाखरेचा, ती पद्धतही बरोबर आहे, पण डेस्कटॉपची डिस्क ३.५ इंची असते. तिला नुसत्या यूएसबीची वीज पुरत नाही, १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर असलेलं केसिंग लागतं. लॅपटॉपची २.५ इंची असती तर साधं केसिंग चाललं असतं. आणि विंडोजला अशी डिस्क लावली की ते 'डिस्क तपासू का, दुरुस्त करू का' विचारतं. घरात कुणीतरी 'हो' दाबतं. चेकडिस्क ही सोय फाइल सिस्टीम सरळ करण्यासाठी आहे, तुमच्या फायली वाचवण्यासाठी नाही. आजारी डिस्कवर ती चालवली की तुटकी फोल्डर्स ती खुशाल कापून टाकते.

सोलापुरी_चादर | रविवार, सकाळी ९:५०

लिनक्सबी नको अन् स्क्रू बी नको वाटत असेल तर एक युक्ती सांगतो. निळ्या रिपेअरच्या पानावर 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'कमांड प्रॉम्प्ट' असं जायचं. काळ्या खिडकीत नोटपॅड एवढंच टाइप करून एंटर. नोटपॅड उघडलं की फाइल, ओपन, खाली 'ऑल फाइल्स'. ती खिडकी म्हणजे छोटा फाइल एक्सप्लोररच. त्यात फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, आणि पेनड्राइव्हवर पेस्ट. ड्राइव्हची सी, डी ही अक्षरं तिथं कधी बदलून दिसतात, घाबरायचं नाही. कॉपी किती झाली ते दिसत नाही, गप बसून राहायचं. थोड्या फायलींना लई बेस्ट.

डॅलसकर | रविवार, सकाळी ९:५८

वा! हे मला ठाऊक नव्हतं. वाचनखूण साठवली. फक्त ताईंच्या पीसीत विंडोजला डिस्कच सापडत नाहीये, त्यामुळे रिपेअरच्या खिडकीतही ती दिसेलच असं नाही.

हिंजवडी_फेज३ | रविवार, सकाळी १०:३०

कुणीच बिटलॉकरबद्दल, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीबद्दल, बोललं नाही म्हणून लिहितो. नवीन लॅपटॉपवर, विशेषतः विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती कोरी टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर, डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते. मग लिनक्सने उघडा नाहीतर केसिंगने, ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात 'डिव्हाइसेस'खाली साठलेली असते. किल्ली नसेल तर जगातला कुठलाही दुकानदार ती डिस्क उघडू शकत नाही.

१९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन्स निळ्या स्क्रीनवर आली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून देत होते. उपाय साधा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. पण तिथे पोचायला बहुतेक ठिकाणी बिटलॉकरची किल्ली लागायची आणि ती प्रत्येक मशीनची वेगळी. आमच्याकडे लोक फोनवर ४८ आकडे वाचून दाखवत होते आणि पलीकडचा माणूस एकेक टाइप करत होता. मशीन चांगलं चालू असतानाच ही किल्ली कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांत ठेवा, एवढी कळकळीची विनंती.

फुलपाखरू | रविवार, सकाळी १०:४१

आत्ता जाऊन बघितली. आहे माझी! छापून आधारच्या झेरॉक्सबरोबर ठेवली.

रत्नागिरीकर | रविवार, दुपारी १२:२०

ताईंचं काम होईपर्यंत एक अवांतर प्रश्न. चुकून डिलीट झालेल्या फोटोंचं काय? भाचीच्या कॅमेऱ्यातलं कार्ड कुणीतरी फॉरमॅट केलंय.

लॅपटॉपवैद्य | रविवार, दुपारी १२:४५

कार्ड कॅमेऱ्यातून काढून ठेवा, त्यावर आता एकही नवा फोटो नको. साध्या फॉरमॅटमध्ये पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली जाते, पानं जागेवर असतात. नवीन लिहिलं की ती पानं जातात.

फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, टेस्टडिस्कबरोबरच येतं. ते अनुक्रमणिकेकडे न बघता सगळं कार्ड चाळून फोटो ओळखून काढतं. नावं आणि फोल्डर्स परत मिळत नाहीत, नंबर पडलेल्या शेकडो फायली हाती येतात. सापडलेले फोटो त्याच कार्डावर साठवू नका, लॅपटॉपवर साठवा.

कॉम्प्युटरच्या एसएसडीला मात्र हे बहुतेक लागू पडत नाही. त्यात 'ट्रिम' नावाची सोय असते, फाइल पुसली की विंडोज डिस्कला कळवतं आणि डिस्क ती जागा आतून रिकामी करून टाकते. फिरणाऱ्या डिस्कवरून महिन्यांनंतरही फायली काढल्यात, एसएसडीवरून दुसऱ्या दिवशीही निघाल्या नाहीत.

गोदाकाठ | रविवार, दुपारी ३:१०

मिंट चालू झालं! डिस्क उघडली, बाबांचं फोल्डर दिसतंय. आईचे फोटो आणि पेन्शनचे कागद कॉपी झालेसुद्धा, उघडून बघितले, छान आहेत.

पण ओव्यांच्या फायली खराब झाल्यात. सगळ्या उघडतायत, पण आत मराठी एक अक्षर नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलरची चिन्हं. बाबा शेजारी बसलेत आणि काही बोलत नाहीयेत. यावर कुठलं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालेल?

जुना_टायपिस्ट | रविवार, दुपारी ३:१८

ताई, कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका. बाबांना सांगा, फायली शाबूत आहेत. शंभर टक्के.

बाबांनी हे काम श्रीलिपी, आकृती, शिवाजी किंवा आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरच्या सुरेखसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेलं असणार. युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) रुळण्याआधी मराठीची अशीच सोय होती. फाइलमध्ये साठलेला संकेत इंग्रजी अक्षराचा, आणि फाँट त्या जागी मराठी आकार दाखवायचा. मिंटमध्ये तो फाँट नाही, म्हणून खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडली. फाइल खरंच बिघडलेली असती तर ती उघडलीच नसती किंवा चौकोन आणि कचरा दिसला असता. तुमच्याकडे ओळी आणि कडवी दिसतायत ना जागच्या जागी?

आता एक करा. मजकुरावर कर्सर ठेवा आणि लिबरऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) वर फाँटचं नाव बघा. तिरक्या अक्षरात दिसत असेल तर 'हा फाँट इथे नाही' असा त्याचा अर्थ. ते नाव इथे लिहा.

गोदाकाठ | रविवार, दुपारी ३:२३

हो! कडवी तशीच आहेत, दोन-दोन ओळींची. नाव तिरकं दिसतंय: डीव्हीबी-टीटी सुरेख.

जुना_टायपिस्ट | रविवार, दुपारी ३:४०

मग झालं तर. तो सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएमचा फाँट. त्याच डिस्कवर 'विंडोज' फोल्डरच्या आत 'फाँट्स' नावाचं फोल्डर आहे, ते अख्खं कॉपी करून घ्या. हे लोक नेहमी विसरतात. कागदपत्रं वाचवतात, फाँट डिस्कबरोबर भंगारात जातो, आणि मग दहा वर्षांनी कुणालाच त्या फायली वाचता येत नाहीत. त्यातली सुरेखची फाइल मिंटमध्ये डबल क्लिक करून इन्स्टॉल करा आणि लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडा.

पुढचं काम सवडीने करा. मूळ फायली तशाच ठेवून त्यांच्या प्रती युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण आंधळा विश्वास ठेवू नका. या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर साठते, तिथे गडबड होते. रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. 'ऱ्ह', 'ऱ्य', 'द्य', 'क्ष' तपासा. ओव्यांमध्ये तर बोलीतले शब्द असणार, त्यांना कुठलाही स्पेलचेक उपयोगी नाही. बाबांनी स्वतः वाचून घ्यावं. बदललेली प्रत छापील रूपात आणि पीडीएफमध्येही ठेवा, पीडीएफमध्ये फाँट आतच गुंफलेला असतो.

गोदाकाठ | रविवार, दुपारी ४:३५

दिसायला लागलं. सगळं दिसायला लागलं. बाबा मोठ्याने वाचतायत. @जुना_टायपिस्ट, काय बोलू कळत नाही.

हेमंती | रविवार, दुपारी ४:५०

किती छान वाटलं वाचून!

बाबांना एक सांगा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रभरच्या गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या होत्या, आणि 'पारी' या संकेतस्थळावर त्यातल्या काही गायलेल्या आवाजासकट ऐकायला मिळतात. बाबांचं कामही त्याच जातीचं आहे. युनिकोड झालं की पाच-दहा ओव्या इथे वेगळ्या धाग्यात टाका, सांगणाऱ्या बाईचं नाव आणि गावासकट, अर्थात घरच्यांना विचारून.

बिनसाखरेचा | रविवार, संध्याकाळी ५:१५

अनुमोदन. आणि आता तरी दुसरी प्रत करा. एकाच यूएसबी डिस्कवर ठेवलं तर आज होती तीच परिस्थिती, फक्त डिस्क वेगळी.

डॅलसकर | रविवार, संध्याकाळी ५:३०

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. ओव्यांचा मजकूर तसा लहान असतो, ईमेलनेही जाईल. ताईंच्या घरी एक, बाबांकडे एक आणि गूगल ड्राइव्हवर एक, एवढं पुरे.

लॅपटॉपवैद्य | रविवार, संध्याकाळी ६:१०

डेटा बाहेर आला, दुसरी प्रतही होईल. आता पीसीकडे वळू.

मिंट चालू आहे तोवर 'डिस्क्स' नावाचं साधन उघडा, डिस्क निवडा, उजवीकडच्या मेन्यूत 'स्मार्ट डेटा'. तिथे 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर काउंट' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' हे दोन आकडे बघा, डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयित जागांचे. शून्य असतील तर डिस्क ठीक आहे असं धरू. पेंडिंग वाढत असेल तर डिस्क निरोप घेतेय.

माझा अंदाज असा. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. भिंतीतून वीज मिळत असते तोवर तो संपलेला कळत नाही. वीज पूर्ण गेली की बायॉसची तारीख आणि सेटिंग्ज कारखान्यातल्या मूळ स्थितीला जातात. बऱ्याच ब्रँडेड पीसीत डिस्कशी बोलण्याचं मूळ सेटिंग 'रेड' किंवा 'आरएसटी' असतं. मध्ये कधी कुणी विंडोज नव्याने टाकलं असेल तर त्याने ते 'एएचसीआय' या दुसऱ्या पद्धतीवर नेलेलं असणार. आता ते आपोआप परत रेडवर गेलं, आणि विंडोजला त्या रस्त्याने डिस्ककडे जायचा ड्रायव्हर माहीत नाही. म्हणून 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. लिनक्सला दोन्ही रस्ते माहीत, म्हणून त्याला डिस्क लगेच दिसली.

विंडोज मध्ये कधी पुन्हा टाकलं होतं का?

गोदाकाठ | रविवार, संध्याकाळी ६:४०

दोन्ही आकडे शून्य. आणि हो, लॉकडाउननंतर पीसी हळू झाला म्हणून कॉलनीतल्या एकाने विंडोज नवीन टाकून दिलं होतं! बायॉसच्या फोटोत बघितलं, 'सॅटा ऑपरेशन'समोर रेड लिहिलंय.

लॅपटॉपवैद्य | रविवार, संध्याकाळी ६:४६

ते एएचसीआय करा, तारीख-वेळ बरोबर करा, सेव्ह करून बाहेर पडा. पेनड्राइव्ह काढून ठेवा.

गोदाकाठ | रविवार, संध्याकाळी ७:०२

सुरू झाला!!! विंडोज आलं, सगळं जागच्या जागी. एका नाण्याएवढ्या सेलसाठी फॉरमॅट मारला जाणार होता. उद्याच सेल आणते.

तपकीर_गल्ली | रविवार, संध्याकाळी ७:२०

वैद्यबुवा, मानलं. मी रॅमवर अडून बसलो होतो, तुमचं तर्कशास्त्र चोख निघालं.

ताई, सेल बदलताना पीसीची वायर भिंतीतून काढा, जुना कोणत्या बाजूने बसलाय त्याचा फोटो घ्या. चांगल्या कंपनीचा घ्या, वर्षानुवर्षं चालतो. नवा बसवल्यावर बायॉसमध्ये जाऊन एएचसीआय आणि तारीख पुन्हा एकदा बघा. आणि एक छोटा यूपीएस घ्याच. लाइटच्या येण्या-जाण्याने फिरणाऱ्या डिस्कचं आयुष्य कमी होतं.

हिंजवडी_फेज३ | रविवार, रात्री ८:०५

मूळ धाग्यातला दुसरा प्रश्न राहिला, पीसी ठेवावा का. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट्सची मुदत १३ ऑक्टोबर २०२६. या वयाच्या पीसीवर विंडोज ११ बहुधा अधिकृतपणे बसणार नाही. माझं मत, फिरणाऱ्या डिस्कच्या जागी एक एसएसडी बसवा आणि त्यावर मिंटच कायमचं टाका. बाबांना टाइप करणं, ईमेल आणि यूट्यूब एवढंच हवं असेल तर उत्तम चालेल. जुनी डिस्क काढून तशीच जपून ठेवा.

जुना_टायपिस्ट | रविवार, रात्री ८:१८

मिंट टाकायचं असेल तर आधी बाबा कुठल्या कळफलकावर टाइप करतात ते विचारा. इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक) असेल तर मिंटमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट आहेच. टाइपरायटरचा कळफलक हाताला बसला असेल तर त्या वयात बदलायला लावू नका, त्यांचं लिहिणं थांबेल. मग विंडोजच राहू दे, आयएसएमसकट, आणि तो पीसी बँकेच्या कामाला वापरू नका. बँक मोबाइलवर.

गोदाकाठ | रविवार, रात्री ८:३०

विचारलं. टाइपरायटरचाच. म्हणजे विंडोज राहणार, एसएसडी बसवू आणि बँक माझ्या मोबाइलवर.

बेळगावी_कुंदा | सोमवार, सकाळी १०:१०

धागा सगळा वाचला बघा, लई उपयोगाचा. माझा पण एक प्रश्न घ्या की. आमचं छोटं छपाईचं दुकान आहे. लॅपटॉप काल पूर्ण मेलाय, चार्जिंगचा दिवा पण लागत नाही. दुकानवाला मदरबोर्ड गेला म्हणतोय आणि लॅपटॉप ठेवून जा म्हणतोय. आत टॅलीचा हिशोब आहे आणि या महिन्याचा जीएसटी भरायचाय. ठेवून जाऊ का?

लॅपटॉपवैद्य | सोमवार, सकाळी १०:३५

दादा, लॅपटॉप ठेवा, डिस्क ठेवू नका. मदरबोर्ड गेला तरी डिस्क सहसा चांगली असते. तुमच्यासमोर खालचं झाकण उघडायला सांगा. आत २.५ इंची डिस्क किंवा च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम.२ एसएसडी असेल. ती काढून घ्या. एसएसडीच्या लेबलावर एनव्हीएमई लिहिलंय की सॅटा ते वाचा आणि त्याच प्रकारचं केसिंग घ्या, दोन्हींची वेगळी असतात. चिप बोर्डलाच डकवलेली असेल, स्वस्त लॅपटॉपमध्ये असते, तर मात्र आधी बोर्ड जिवंत करावा लागेल.

दुसऱ्या लॅपटॉपला लावल्यावर 'परवानगी नाही' म्हणालं तर 'कंटिन्यू' दाबा. बिटलॉकरची किल्ली मागितली तर वर हिंजवडीकरांनी सांगितलंय तिथे बघा. टॅलीच्या 'डेटा' फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाची फोल्डर्स असतील, एक कंपनी म्हणजे एक फोल्डर. ती अख्खी उचला, आतल्या सुट्या फायली नकोत. दुसऱ्या मशीनवर टॅली टाकून त्या जागेचा पत्ता दिला की कंपनी उघडेल. लायसन्स जुन्या मशीनवरून सोडवून घ्यावं लागेल, ते टॅलीच्या खात्यातून होतं, त्याचा ईमेल कुणाचा दिलाय ते आत्ताच शोधून ठेवा. बरेचदा तो जुन्या अकाउंटंटचा निघतो.

बेळगावी_कुंदा | सोमवार, सकाळी १०:४२

अकाउंटंटचाच आहे हो! फोन लावतो त्याला. निघालो दुकानात, डिस्क हातात घेऊनच येतो.